वरून जाणारी विमानं

माणसाला शिंगं फुटली की ती डोक्यावर दिसत नाहीत, टेबलावर दिसतात. धाकट्याला विमानतळाच्या मॅनेजरचं टेबल मिळालं, टेबलावर काच आली, काचेवर तीन शिक्के आले, आणि ज्या पोराला कालपरवापर्यंत स्वतःच्या चपला सापडत नव्हत्या तो आल्यागेल्याला "परवानगी कुठंय?" म्हणून विचारायला लागला. त्याची आई त्याला तेव्हापासून 'साहेब' म्हणायची. तो खूश व्हायचा. टोमणा कळायलाही थोडी अक्कल लागते.

विमानतळ म्हणजे तरी काय मोठा होता? गवतातून काढलेली एक धावपट्टी, पत्र्याची एक शेड, इंधनाचा एक पंप, हौशी लोकांच्या क्लबची दोन विमानं, आणि शेडच्याच कोपऱ्यात साहेबांच्या आईचं, म्हातारीचं, कॅन्टीन. पाचशे माणसं पोटात घेऊन जाणारी विमानं इथं सावलीसुद्धा टाकत नव्हती. उतरायची ती आपलं आपलं छोटं विमान घेऊन हिंडणारी माणसं. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी दुकानदार, कुणी नोकरी संपल्यावर हा नाद लागलेला मास्तर. म्हातारीचा नवरा इथला राखणदार होता तेव्हा विमान थांबायच्या आत तो पळत जाऊन चाकांना लाकडी ठोकळे लावायचा, आणि पायलट खाली उतरला की एकच प्रश्न विचारायचा, "आधी चहा, की आधी संडास?" गावात जायचं असेल तर जुन्या गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची. न्या, फिरा, येताना अंडी आणा. हवा बिघडली तर मागच्या खोलीत खाट होती. खाटेवर झोपलेले लोक वर्षानुवर्षं पत्रं पाठवायचे.

साहेबांनी आल्या आल्या खिळ्यावरची किल्ली काढली. खाट भंगारात दिली. संडासाला कुलूप घातलं. आणि फाटकावर निळी पाटी लावली. म्हातारी जेमतेम चौथी शिकलेली. तिनं ती पाटी बोट ठेवून ठेवून वाचली. 'अभ्यागतांस पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही.' अभ्यागत हा शब्द तिला ठाऊक होता. तिची आई ताट वाढताना तो वापरायची. दारावरून हाकलून देण्यासाठी तो वापरतात, हे तिला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

"पाहुण्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" तिनं विचारलं होतं.

"आई, पाहुणे नाहीत ते. बाहेरची विमानं आहेत. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"आजवर काय झालं?"

"आजवर नशीब होतं."

त्याचं सगळंच खोटं होतं असं नाही. एकदा कुणीतरी गाडी घेऊन गेला तो दार उघडं टाकून आला होता. वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं की शिस्त वाखाणण्याजोगी आहे. ते पत्र त्यानं फ्रेम करून लावलं. म्हातारी आठवडाभर पुटपुटली, पण त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्रीही तिनंच केली. मुलगा साहेब झाला होता. जीभ कितीही तिखट असली तरी छाती थोडी फुगतेच.

याला चौदा महिने झाले, आणि एका रविवारी सकाळी सव्वादहाला कॅन्टीनचा फोन वाजला.

जावई होता. डोंगरापलीकडे, समुद्रकाठच्या गावात मुलगी दिली होती, तिथून. आवाज फाटलेला.

"आई, हिच्या आतड्याला पीळ पडलाय. रात्रीपासून तळमळतेय. डॉक्टर म्हणतात दोनच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, नाहीतर आतडं सडेल. आणि ही सही करत नाही."

"सही करत नाही म्हणजे?"

"तुम्ही येईपर्यंत आत जाणार नाही म्हणते."

"द्या तिला फोन."

मुलीचा आवाज एवढासा झाला होता. एरवी घरात बोलली तर विमानाला ऐकू जायचं, असली पोर.

"अगं वेडे, सही कर आणि जा आत. मी येतेच मागोमाग."

"नाही. बाबांना आत नेलं तेव्हा तू त्यांचे कपडे आणायला घरी गेली होतीस. दार लागेपर्यंत ते मान वळवून बघत होते, आई. मी होते तिथं. मला तसं नाही जायचं."

म्हातारीच्या हातातलं फडकं ओट्यावर पडलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा त्या दारातून जिवंत परतला नव्हता, त्याला सहा वर्षं झाली; सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझा नवरा आहे ना तिथं?"

"तो रडतोय. मला न रडणारं माणूस हवंय."

मधला मोठा पूल तडा गेला म्हणून चार दिवस बंद होता. वळसा घालून गाडीनं अकरा तास. विमानानं चाळीस मिनिटं. म्हातारी कॅन्टीनमधून ऑफिसात गेली ती चप्पल न घालताच.

क्लबच्या एका विमानाचं इंजिन विमानं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या टेबलावर उघडं पडलं होतं. दुसरं क्लबचा सेक्रेटरी घेऊन गेला होता, तो उद्या यायचा. धाकट्यानं मात्र कसूर केली नाही, हे मान्य करायला हवं. बहिणीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला आणि त्यानं फोनवर फोन लावले. दवाखान्याचं हेलिकॉप्टर दुसऱ्या अपघाताला गेलेलं. सरकारी ऑफिसात रविवारची घंटा नुसती वाजत राहिली. क्लबच्या माणसांपैकी एकजण म्हणाला, संध्याकाळी बघतो.

"संध्याकाळी काय तेराव्याचं निमंत्रण द्यायला येणार का तो?" म्हातारी म्हणाली, आणि बोलल्या बोलल्या तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारला.

खिडकीतून गवत दिसत होतं. एके काळी रविवारी सकाळी इथं विमान ठेवायला जागा नसायची. तिच्या हातचा गरम नाश्ता खायला लोक शंभर मैलांवरून यायचे, आठ-आठ, दहा-दहा विमानं ओळीनं उभी. आज गवतात एक बगळा होता. तोही एका पायावर, निघायच्या बेतात.

पण आभाळ रिकामं नव्हतं. वरून घरघर ऐकू येत होती. छोटी विमानं डोंगराच्या खिंडीकडे जाताना याच विमानतळावरून जायची. जायची, उतरायची नाहीत.

"त्यांना बोलव खाली," ती म्हणाली.

"आई, असं रस्त्यावरच्या रिक्षासारखं बोलावता येत नाही."

म्हातारीनं टेबलावरच्या रेडिओचा बोलायचा डबा उचलला. नवऱ्याला ती तीस वर्षं तो हातात धरताना बघत होती. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. स्वयंपाकघरातल्या मिक्सरला याहून जास्त बटणं असतात.

"आई, त्याला लायसन्स लागतं!"

"तुला जन्माला घातलं तेव्हा कुणाचं लायसन्स घेतलं नव्हतं. सरक." तिनं बटण दाबलं. "वर कोण चाललंय? ऐकतंय का कुणी? मी खालून बोलतेय. खालून, पत्र्याच्या शेडमधून. माझी मुलगी मरायला टेकलीय पलीकडे. एका माणसाची जागा असेल त्यानं खाली या."

खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, नीट, तोलून बोलणारा. "तुमच्याकडे उतरायला चोवीस तास आधी लेखी परवानगी लागते, असं वैमानिकांच्या पुस्तकात छापलंय."

"मी देते परवानगी."

"आपण कोण?"

"मॅनेजरची आई."

"मावशी, तुम्ही द्याल हो. पण मागच्या वर्षी माझा मित्र वादळात तुमच्याकडे उतरला, तर मॅनेजरनं त्याच्यावर वर रिपोर्ट केला. चार महिने त्याचं उडणं बंद होतं. मला माफ करा."

आवाज डोंगराकडे निघून गेला. म्हातारीनं मुलाकडे बघितलं. मुलगा काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होता.

दहा मिनिटांनी दुसरं विमान. बाई बोलत होती.

"मी उतरलेय तुमच्याकडे एकदा. साडेतीन तास उडून आले होते. संडासाची किल्ली मागितली तर तुमचे साहेब म्हणाले, सभासदांसाठी आहे. शेडच्या मागे गेले मी. माझी मुलगी पदर धरून आडोसा करत उभी होती."

"बाई गं," म्हातारी म्हणाली. भांडायला आलेल्या माणसाला ती उभा चिरायची, पण ही भांडत नव्हती. "बाई, मी तिथंच होते, चार पावलांवर. मला हाक का नाही मारलीस?"

"कॅन्टीनवरही पाटी होती, मावशी. सभासदांसाठीच. माझी चारही आसनं भरलीत. खरंच भरलीत. नसती भरली तरी..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

तिसऱ्यानं काही ऐकलंच नाही. चौथ्यानं ऐकलं, विमानतळाचं नाव विचारलं, नाव ऐकलं आणि पुढे निघून गेला. पाचव्याला थांबायचं होतं पण इंधन लागणार होतं, आणि रविवारी इथला पंप बंद असतो हे तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "उघडतो! पंप उघडतो मी!" धाकटा ओरडला. पण म्हातारीच्या बोटाखालचं बटण सुटलेलं होतं. ते सापडेपर्यंत पाचवा खिंडीत शिरला होता, आणि खिंडीत रेडिओ पोचत नाही.

पावणेबारा झाले. मिस्त्री दाराशी येऊन उभे राहिले होते. नवऱ्याच्या वेळचे; हातावरचं ग्रीस आता कातडीतच मुरलेलं.

"वहिनी, तुम्ही कितीही हाका मारा," ते हळूच म्हणाले, "ते नकाशावर आपल्या नावावर फुली मारतात. मला एकानं दाखवला होता नकाशा."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात."

असं तोंडावर बोललेलं तिनं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. मिस्त्रींचं ऐकून घेतलं. कारण तेवढ्यात कॅन्टीनमधला फोन वाजायला लागला होता.

"निघालीस?" मुलगी.

म्हातारीनं डोळे मिटले. आधी सही होऊ दे, मग देव काय शिक्षा द्यायची ती देवो. "निघाले."

"कुठं आहेस?"

"विमानात चढतेय. तू सही कर बघू."

"आवाज येत नाही विमानाचा."

म्हातारीनं फोनवर तळवा ठेवला आणि मिस्त्रींना हातानं पंखा फिरवून दाखवला. मिस्त्रींनी टेबलावरच्या उघड्या इंजिनाकडे बघितलं, मग शेडभर बघितलं, आणि कोपऱ्यातल्या गवत कापायच्या मशीनकडे धावले. दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ते मशीन एकदम भडकलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये असा काही आवाज घुमला की म्हातारीला स्वतःलाच वाटलं, आता हे उडणार. तिनं फोन दाराबाहेर धरला. चांगला अर्धा मिनिट धरला. मग कानाला लावला.

"ऐकलंस ना? आता कर सही."

मग मुलगी म्हणाली, "आई, हे गवत कापायचं मशीन आहे."

म्हातारीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांचं. दोन सेकंद चालतं, मग खोकतं. झोपेतसुद्धा ओळखायचो आम्ही." तिचा आवाज आता बारीक नव्हता, कोरडा होता. "तूसुद्धा आता मला फसवून आत पाठवणार?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. बाहेर मशीन खोकत होतं. मिस्त्री घाम पुसत हसून बघत होते, जमलं ना, म्हणून. म्हातारीनं मान हलवली तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि त्याच्याच शेजारी जमिनीवर बसले.

विमानांच्या सावलीत वाढवलेली पोर. तिला गवताच्या मशीननं फसवायला गेलो. लोण्याच्या गोळ्यात चुना मिसळून गवळ्याला विकायला जावं तसं. म्हातारीला हसू आलं, आणि हसता हसता रडू येणार होतं. पण ती रडली नाही. न रडणारं माणूस हवं होतं पोरीला.

ती ऑफिसात परत आली आणि बोलायचा डबा मुलाच्या हातात दिला.

"तू बोल."

"मी काय बोलू?"

"तू ज्यांना हाकललंस, ते वर आहेत. त्यांना सांग."

धाकट्यानं घसा साफ केला. बटण दाबलं. "सर्व वैमानिकांना कळवण्यात येते की मागील काळात झालेल्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर—"

म्हातारीनं टेबलावर अशी थाप मारली की तीनपैकी एक शिक्का खाली पडला. "व्यवस्थापन कोण? तुझा सासरा? माणसासारखं बोल!"

त्याचं बोट बटणावरच होतं. वर जे कोण होते त्यांना त्याचा श्वास ऐकू जात असणार. मग तो बोलला, आणि तो आवाज म्हातारीनं ओळखला. सातव्या वर्षी तो बहिणीच्या हातून विहिरीजवळ सुटला होता, तेव्हाचा.

"माझं चुकलं. मी इथला मॅनेजर. मी तुम्हाला पाणीही दिलं नाही. मला भीती वाटायची की काही झालं तर माझ्यावर येईल. माझी ताई मरतेय. कुणीतरी खाली या. काही लागत नाही, परवानगी नाही, कागद नाही, काही नाही. नुसते या."

आणखी दोन विमानं घरघरत खिंडीकडे गेली, खाली काही नाही आलं. एक वाजला. म्हातारी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. एक वाजून सात मिनिटं. मग खरखर झाली आणि कुणी तरणा माणूस अडखळत बोलला.

"हॅलो? ऐकू येतंय का? मी... मी इकडे पहिल्यांदाच आलोय. लायसन्स मिळून तीन आठवडे झालेत. तुमचं काय चुकलं ते मला माहीत नाही, पण माझ्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत. वारा कुठून आहे?"

मिस्त्री दारातूनच ओरडले, "डोंगराकडून! सांग त्याला, डोंगराकडून!"

ज्याला या जागेबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, असा आख्ख्या आभाळात एकच माणूस होता, आणि तो येत होता. म्हातारीनं कॅन्टीनमध्ये जाऊन पायात चपला घातल्या. पिशवीत काय भरावं ते तिला कळेना. तिनं एक साडी आणि एक चमचा भरला. चमचा का, ते तिलाही कळलं नाही.

विमान दोनदा उसळून उतरलं. धाकटा पळत गेला आणि ठोकळे नव्हते म्हणून दोन विटा घेऊन चाकांपाशी गुडघ्यावर बसला. पोरगेला पायलट दार उघडून म्हणाला, "बंद करत नाही हं इंजिन, लगेच निघू."

तेवढ्यात मिस्त्री शेडमधून फोन हातात घेऊन वायर ताणत दारापर्यंत आले. त्यांचा चेहरा बघून म्हातारी परत फिरली. इंजिनाच्या आवाजात तिला एक कान बोटानं बंद करावा लागला.

"आई," जावई. "ती शुद्धीवर नाही. एकदम गार पडली. डॉक्टरांनी माझी सही घेतली. आत नेलंय."

"केव्हा?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"बघत होती का कुणाकडे?"

"तिला शुद्धच नव्हती, आई."

"दार लागलं?"

"लागलं."

म्हातारीनं फोन मिस्त्रींच्या हातात ठेवला. त्या गावी पोचायला चाळीस मिनिटं, तिथून दवाखाना वीस. तोवर ते दार पुन्हा उघडलेलं असेल, एकदाच उघडेल, आणि त्यातून कोण काय सांगत बाहेर येईल ते या घडीला कुणालाच माहीत नव्हतं. पण दार लागायच्या आधी पोचायचं होतं, ते हुकलं होतं. सकाळपासून सात विमानं डोक्यावरून गेली होती. त्यातलं पहिलं उतरलं असतं, तर ती एव्हाना मुलीच्या उशाशी असती.

ती विमानाकडे चालत गेली. गवत पंख्याच्या वाऱ्यानं आडवं झालं होतं. धाकट्यानं तिला चढायला स्टूल आणलं, पिशवी आत ठेवली, तिचा पट्टा बांधला. पांढऱ्या शर्टावर विटांचा लाल भुगा लागला होता.

"आई, मीपण येतो. एक जागा आहे अजून. ताई माझीपण आहे."

"तू इथंच थांबायचं."

"आई, असं नको करूस. मी माफी मागितली ना सगळ्यांची!"

पायलटनं मागे वळून बघितलं, निघू का, म्हणून. म्हातारीनं त्याला हातानं थांबवलं आणि मुलाच्या डोळ्यांत बघत, इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाली:

"ऐक. माफी त्यांनी द्यायची, ती देतील न देतील. माझा निवाडा ऐकून ठेव. तू दुष्ट नाहीस. दुष्ट माणसाला निदान ठाऊक असतं, तो कुणाच्या तोंडावर दार लावतोय ते. तू भित्रा आहेस, आणि भित्र्यानं लावलेलं दार शेवटी त्याच्याच माणसांवर लागतं. तुझ्या बापानं माळरानाचा विमानतळ केला होता. तू विमानतळाचं माळरान केलंस. आता बस राखत."